परिषद रिंग रोडवर भरवा

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात नवी साडी फार दिवस नवी राहत नाही. व्यापारी मॉडेल बोलावून फोटो काढून घेतो, आठ-दहा रंगांचा कॅटलॉग तयार होतो आणि माल गोदामात यायच्या आतच ते फोटो इंदूर, पाटणा, कोलकाता, मालेगावच्या दुकानदारांच्या व्हॉट्सॲपवर पोचतात. पहिला लॉट बाजारात उतरला की त्यातली एक साडी कुणीतरी विकत घेतो आणि थेट पंचिंगवाल्याच्या टेबलावर नेऊन ठेवतो. पंचिंगवाला काठाचा फोटो संगणकावर मोठा करतो. बुट्टी कुठून सुरू होते, टाका कुठे वळतो, टिकली कुठे बसते हे पाहत तो माउसने एकेक रेष उतरवून घेतो. तयार झालेली डीएसटी फाइल पेन ड्राइव्हवरून भरतकामाच्या मशीनला दिली जाते. सुई कुठे टोचायची, कुठे उडी मारायची, कुठे थांबून धागा बदलायचा, एवढाच हुकूम त्या फाइलमधून मशीनला मिळतो. थोड्याच दिवसांत तशीच साडी हलक्या कापडावर, कमी टाक्यांत आणि बऱ्याच कमी भावात शेजारच्या मार्केटात लागते.

मूळ व्यापारी चरफडतो, ओळखीच्या दोघांजवळ मन मोकळे करतो आणि पुढच्या डिझाइनच्या मागे लागतो. कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा नवी साडी काढणे त्याला स्वस्त पडते.

बौद्धिक संपदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यावर देशभरातली विधी महाविद्यालये आणि विद्यापीठे वर्षभर परिषदा भरवत असतात. कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन, मेटाव्हर्स, डेटा संरक्षण असे विषय पत्रिकेवर असतात. उद्‌घाटन होते, बीजभाषण होते, समांतर सत्रांत प्रत्येकी दहा मिनिटांत निबंध वाचले जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात. ज्या बाजारात हा कायदा रोज कसाला लागतो, तिथला माणूस मात्र या सभागृहांत फारसा दिसत नाही. म्हणून या विषयाची पुढची मोठी परिषद सुरतेत भरली पाहिजे आणि तिची विषयपत्रिका रिंग रोडच्या आणि शहरातल्या कतारगाम, पांडेसरा या भागांच्या प्रश्नांवरून ठरली पाहिजे. ही मागणी सुरतेच्या सोयीसाठी नाही, कायद्याच्या भल्यासाठी आहे.

सुरतेच्या साडीच्या मुळाशी असलेली कायद्याची गाठ आधी पाहावी लागेल. कागदावर किंवा संगणकावर काढलेली मूळ नक्षी ही कलाकृती असते आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तिला आपोआप संरक्षण मिळते. नोंदणीही लागत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम १५मध्ये एक अट आहे. डिझाइन कायद्याखाली नोंदता येण्याजोगी नक्षी नोंदलीच नाही आणि ती वापरून मालकाने किंवा त्याच्या परवानगीने ५०पेक्षा जास्त नग औद्योगिक प्रक्रियेने तयार झाले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. सुरतेत ५० साड्या म्हणजे एका छोट्या व्यापाऱ्याची एक ऑर्डरसुद्धा नव्हे. पहिला लॉट छापून किंवा भरून होताच नक्षीवरचा हक्क हातचा जातो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

मग नोंदणी करावी, असे कुणीही म्हणेल. २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर १० वर्षे आणि मुदतवाढ घेतली तर आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. २०२१च्या नियमबदलानंतर एकट्या माणसाला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला अर्जाचे शुल्क फक्त १,००० रुपये आहे. एका डिझाइनसाठी हे परवडते. पण साडीचा व्यापारी वर्षाला एक डिझाइन काढत नाही, शेकडो काढतो. त्यातले कोणते चालेल हे बाजारात गेल्याखेरीज कळत नाही, आणि बाजारात गेल्यावर नोंदणीची वेळ टळलेली असते. अर्जाच्या आधी डिझाइन देशात किंवा परदेशात कुठेही प्रसिद्ध झालेले असेल तर ते नवे मानले जात नाही. व्हॉट्सॲपवर गेलेला कॅटलॉग अशा वेळी मालकाच्याच अंगाशी येऊ शकतो. डिझाइनची छाननी कोलकात्याच्या कार्यालयातून चालते. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत ज्या साडीचा हंगामच उलटून गेलेला असतो, तिला १५ वर्षांचे संरक्षण काय कामाचे?

नोंदणी असली तरी दंडाची रक्कम पाहण्यासारखी आहे. कलम २२नुसार एका डिझाइनच्या चोरीबद्दल एकूण वसुली जास्तीत जास्त ५०,००० रुपये. त्याऐवजी मनाई हुकूम आणि नुकसानभरपाईचा दावा करता येतो. पण समोरच्याने ‘हे डिझाइन मुळात नवेच नव्हते’ असा बचाव घेतला की खटला उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. सुरतेच्या माणसाला मग अहमदाबादच्या खेपा आल्या. भरतकामाच्या चार मशीनांचे खाते, म्हणजे छोटा कारखाना, चालवणारा त्या फंदात पडणार नाही.

न्यायालयांनी ही गाठ सोडवण्याचा प्रयत्न अनेकदा केला आहे. मायक्रोफायबर्स या सोफ्याचे कापड बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९मध्ये सांगितले, की कापडावर छापण्यासाठीच काढलेल्या नक्षीला डिझाइन कायदा लागू होतो. कॉपीराइटचे दीर्घ संरक्षण तिला मागता येणार नाही. त्याआधी, २००८मध्ये, तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीला त्याच न्यायालयात दिलासा मिळाला होता, कारण त्यांच्या कपड्यांचे ५०पेक्षा कमी नग निघाले होते. २०१६मध्ये रितू कुमार यांच्या कपड्यांची मालकी असलेली रितिका ही कंपनी बिबा या कपड्यांच्या कंपनीविरुद्ध उभी राहिली आणि नोंदणी नसल्याने, ५०ची मर्यादा ओलांडल्याने हरली. या तीन निकालांतून निघणारा अर्थ सरळ आहे. मोजक्या श्रीमंत ग्राहकांसाठी महागडा पोशाख शिवणाऱ्याला कायदा हात देतो. हजारो घरांत जाणारी साडी काढणाऱ्याने आपली सोय आपण पाहायची.

१५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स इंडिया या खटल्यात कलम १५वर सविस्तर निकाल दिला. वाद गुजरातचाच, वडोदऱ्याच्या न्यायालयात सुरू झालेला. द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या सेमी-ट्रेलरच्या रेखाचित्रांवरून तो पेटला होता. न्यायालयाने दोन कसोट्या घालून दिल्या. काम निव्वळ कलाकृती आहे की तिच्यापासून काढलेले आणि औद्योगिक प्रक्रियेतून जाणारे डिझाइन आहे, हे आधी पाहायचे. ते कॉपीराइटमध्ये बसत नसेल तर त्यात उपयोगितेचा भाग मुख्य आहे की दिसण्याचा, हे तपासायचे. वायूच्या टँकरला या कसोट्या लावणे जमेल. जॉर्जेटच्या साडीवरच्या वेलीला त्या लावायच्या कशा? नक्षी आणि कापड वेगळे कुठे करायचे? कायद्याच्या अभ्यासकांनी मान मोडून काम करावे असा हा प्रश्न आहे आणि त्याचा कच्चा माल सुरतेत गल्लोगल्ली पडला आहे.

डिझाइनचा कायदा जन्मालाच मुळी छापील कापडापोटी आला, हे इथे आठवायला हवे. सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरातून हिंदुस्थानी छिटे युरोपला जात होती. ती इतकी लोकप्रिय झाली, की इंग्लंडच्या संसदेने १७०० आणि १७२१मध्ये कायदे करून त्यांच्यावर बंदी आणली. त्याआधीच फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा जॉर्ज रोक हा व्यापारी अहमदाबाद, सिरोंज आणि बऱ्हाणपूरच्या छिपांचे काम बारकाईने पाहून गेला आणि १६७८मध्ये त्याने ठसे, रंग, खळ यांची कृती लिहून ठेवली. पुढे छपाई युरोपात रुजली. मग तिथले छापणारे एकमेकांच्या नक्ष्या उचलू लागले, तेव्हा १७८७मध्ये ब्रिटनने तागाच्या आणि सुती कापडाच्या नव्या नक्षीला संरक्षण देणारा कायदा केला. संरक्षण किती दिवसांचे? दोन महिन्यांचे. १७९४मध्ये ते तीन महिने झाले.

कापडाच्या नक्षीचे आयुष्य किती असते, हे त्या कायदा करणाऱ्यांना कळत होते, कारण कारखानदार त्यांच्या दारात येऊन बसले होते. फ्रान्समध्ये लियोंच्या रेशीम व्यवसायासाठी १८०६मध्ये झालेली व्यवस्था तर आजही अभ्यासावी अशी आहे. नक्षीचा नमुना सीलबंद पाकिटात गावातच जमा करायचा. संरक्षण एक वर्षाचे हवे, तीन वर्षांचे, पाच वर्षांचे की कायमचे, हे जमा करणाऱ्याने ठरवायचे. धंद्यातल्या लोकांनी निवडलेल्या मंडळाकडे ही पाकिटे राहायची आणि तंटा उभा राहिला की सील फोडून कुणाची नक्षी आधीची ते पाहिले जायचे. स्वस्त, जवळ आणि धंद्याची जाण असलेली अशी ती सोय होती.

आजच्या युरोपीय संघातही नोंदणी न केलेल्या डिझाइनला पहिल्या प्रसिद्धीपासून तीन वर्षे नकलेपासून संरक्षण मिळते. चीनच्या नान्तोंगमधल्या चादरी-पडद्यांच्या बाजारांत नक्षीच्या कॉपीराइटची नोंद आणि तक्रारीची दखल बाजारातच घेण्याची सोय उभी राहिली, आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने चीनच्या कॉपीराइट प्रशासनाला बरोबर घेऊन त्या बाजारांचा स्वतंत्र अभ्यास केला. सुरतेचाही असा अभ्यास व्हायला हवा आणि तो करण्यासाठी जिनिव्हाहून त्या संघटनेचे कुणी येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता परिषदांकडे वळू. त्या पोकळ का झाल्या, याचे कारण लोकांच्या आळसात शोधण्यापेक्षा नियमांत शोधलेले बरे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि परिषदेत वाचलेल्या निबंधाला गुण मिळू लागले. २०१६च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी परिषदांत दोन निबंध वाचणे सक्तीचे केले. मागणी तयार झाली तसा पुरवठा झाला. २०२२च्या नियमांत ही सक्ती गेली, पण लागलेली सवय अजून सुटलेली नाही. सरकारी पातळीवरही मोजदाद डोक्यांचीच होते. डिसेंबर २०२१मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बौद्धिक संपदा जागृती मोहिमेने १० लाख विद्यार्थ्यांपर्यंत पोचण्याचे लक्ष्य ठेवले आणि २०२२च्या जुलैअखेर, मुदतीच्या आधी, ते गाठले. हे काम मोठे आहे. मात्र पेटंट म्हणजे काय हे ऐकलेला विद्यार्थी आपल्या वडिलांच्या खात्यातली नक्षी कशी वाचवेल, हे त्या आकड्यातून कळत नाही.

परिषदांत ताकद नसते असे कुणी समजू नये. १८७३मध्ये व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा आपली यंत्रे तिथे मांडली तर ती उचलली जातील या भीतीने परदेशी कारखानदार बिचकले. त्याच वर्षी व्हिएन्नात पेटंटवर परिषद भरली आणि तिथून सुरू झालेल्या चर्चेची परिणती १८८३च्या पॅरिस करारात झाली. १८७८च्या पॅरिसमधल्या साहित्यिकांच्या परिषदेतून, व्हिक्टर ह्यूगो यांच्या नेतृत्वाखाली, लेखकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि तिच्या खटपटीतून १८८६चा बर्न करार आला. आजचा भारतीय कॉपीराइट कायदा त्याच कराराच्या चौकटीत उभा आहे. दोन्ही ठिकाणी ज्यांचे नुकसान होत होते ते लोक सभागृहात हजर होते.

सुरतेत अशी परिषद भरली तर तिथे काय बोलले जावे? पहिला विषय अर्थातच ५० नगांचा. ही मर्यादा कोणत्या काळातली, हातमागाला कशी लागू पडते, डिजिटल प्रिंटिंगला कशी, आणि तीन-सहा महिन्यांचे अल्पमुदतीचे, बिननोंदणीचे संरक्षण इथे चालेल का, यावर व्यापारी, विणकर आणि वकील यांनी समोरासमोर बोलावे.

दुसरा विषय डिझाइन काढणाऱ्याचा, आणि तो मराठी वाचकाच्या घरातला आहे. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेल्या कुटुंबांच्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, त्या याच मुलांसाठी. आजोबा मागावर होते, वडील प्रोसेस हाउसमध्ये. नातू किंवा नात संगणकावर साडीचे डिझाइन करते. तिला कामाचे पैसे डिझाइनमागे मिळतात. तीच नक्षी पुढे दहा हजार साड्यांवर गेली तरी तिच्या हाती आणखी काही पडत नाही. डिझाइन कायद्यातली मालकाची व्याख्याच सांगते, की मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी डिझाइन केले तर मालक तो दुसरा. लेखी करार करून यात बदल करता येतो. पण करार करायचा असतो हे तिला कुणी सांगितलेले नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी गुजराती, मराठी आणि हिंदीत एका पानाच्या कराराचा नमुना तयार करून दिला, तर तो शंभर निबंधांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तिच्या कामावर आता आणखी एक सावट आहे. चार शब्द टाइप केले की संगणक कैरीची नक्षी, मोराचा पदर, फुलांची जाळी मिनिटभरात काढून देतो. कॉपीराइट कायदा म्हणतो, संगणकनिर्मित कलाकृतीचा लेखक ती घडवून आणणारा माणूस. हे वाक्य १९९४च्या दुरुस्तीतून आले, तेव्हा असली साधने कुणाच्या स्वप्नातही नव्हती. घडवून आणणारा म्हणजे बटण दाबणारी मुलगी, तिला पगार देणारा शेठ की साधन बनवणारी कंपनी? आणि ज्या हजारो जुन्या साड्यांचे फोटो वाचून ते साधन शिकले, त्यांच्या कर्त्यांचे काय? केंद्राच्या उद्योग विभागाने डिसेंबर २०२५मध्ये या प्रश्नावर चर्चापत्र काढले. त्यात सरसकट परवाना आणि त्याबदल्यात निर्मात्यांना मोबदला अशी कल्पना मांडली आहे. तिच्यावर वृत्तसंस्था, संगीत कंपन्या, प्रकाशक बोलतील. साडीच्या डिझाइनरचा आवाज तिथे पोचवायचा तर कुणीतरी त्याची बाजू नीट मांडून द्यावी लागेल.

तिसरा विषय ऑनलाइन विक्रीचा. सुरतेची साडी आज थेट ॲपवरून विकली जाते आणि नकलेची पहिली खूण बहुधा फोटोतच दिसते. मूळ व्यापाऱ्याने पैसे मोजून काढलेला मॉडेलचा फोटो दुसराच विक्रेता आपल्या मालासाठी लावतो. ग्राहकाला येतो तो हलका कपडा. नक्षीवरचा हक्क गेला असला तरी फोटोवरचा कॉपीराइट शाबूत असतो, फोटोग्राफरच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे. कॅटलॉगच्या फोटोग्राफरशी नीट करार केलेल्या व्यापाऱ्याच्या हातात हे चांगले हत्यार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ ॲपवाल्या कंपनीला मध्यस्थ म्हणून संरक्षण देते, पण तक्रारीनंतर तिने काय करायचे, विक्रीत किती गुंतले की ती मध्यस्थ उरत नाही, यावर न्यायालये सतत विचार करत आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१८चा लुबुटाँ निकाल त्यातलाच. लाल तळव्यांच्या महागड्या बुटांसाठी झालेली ही मांडणी सातशे रुपयांच्या साडीला कशी लावायची, हे कुणीतरी लिहायला हवे.

चौथा विषय हिऱ्याचा. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू सुरतेच्या परिसरात पडतात. खजोदला सुरत डायमंड बोर्सची विशाल इमारत डिसेंबर २०२३मध्ये खुली झाली. कच्च्या हिऱ्यातून किती आणि कोणत्या आकाराचे खडे काढायचे हे आता स्कॅनर आणि सॉफ्टवेअर ठरवते. इस्रायलच्या सरीन कंपनीची यंत्रे आणि सॉफ्टवेअर इथे ठिकठिकाणी वापरात आहेत, आणि तिच्या सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटवरून स्थानिक कंपनीशी झालेला वाद गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन प्रोग्रॅमचा सोर्स कोड सारखा आहे का हे न्यायाधीशांनी कसे ठरवायचे, तज्ज्ञ कुठून आणायचा, तपासणी करताना दोन्ही बाजूंची गुपिते कशी राखायची, हे प्रश्न पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपतात. इथल्या कारखान्यांत मात्र कोट्यवधींचा माल त्यावर अवलंबून असतो. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४मध्ये आपल्या २८९व्या अहवालात त्याचा मसुदा दिला आहे. त्या मसुद्यावर पैलू पाडणारे कारागीरही बोलले पाहिजेत, कारण नोकरी बदलणाऱ्या कारागिराचे हातातले कसब आणि मालकाचे गुपित यांतली रेष चुकीच्या जागी आखली गेली तर गरिबाची रोजी जाईल.

आणि जरीचा विषय आहेच. सुरतेच्या जरकामाला भौगोलिक मानांकन आहे, येवल्या-पैठणच्या पैठणीलाही आहे. दोघांचे नाते जुने. पैठणीच्या पदरात सुरतेची जर चमकत आली. आज यंत्रमागावरची आणि छापील ‘पैठणी’ हातमागाच्या पोटावर पाय आणते. मानांकन नावाचे रक्षण करते, बांगडी मोराच्या किंवा नारळी काठाच्या नक्षीचे नाही. २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्र हळहळला; मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि मानांकनाचे नोंदणीकृत मालक याचिकेत नसल्याने ती टिकली नाही. इटलीच्या कंपनीवर आपण जो राग काढला, त्याच मापाने शेजारच्या राज्यातल्या यंत्रमागाकडे आणि तो माल हौसेने विकणाऱ्या आपल्याच दुकानांकडेही पाहावे लागेल.

या सगळ्याला विरोध करणारा एक युक्तिवाद आहे आणि तो हलका नाही. सुरत नकलेवरच मोठी झाली, असे बाजारातले जाणते लोक सांगतात. नक्कल होते म्हणून बड्या घरातल्या लग्नातली साडी वर्षभरात शेतमजुराच्या घरी पोचते. नक्कल होते म्हणून चार मशीनांचे खाते टिकते. अमेरिकेतल्या कॅल रॉस्टियाला आणि ख्रिस्तोफर स्प्रिगमन या दोन प्राध्यापकांनी २००६मध्ये हेच फॅशनबद्दल मांडले होते: नकलेमुळे जुने लवकर जुने होते आणि नव्याची भूक वाढते. शिवाय कायदा कडक केला तर तो वापरणार कोण? वकील बाळगणारी मोठी घराणी. कॉपीराइटभंग हा फौजदारी गुन्हा आहे, आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये निट प्रो खटल्यात सांगितले. साडीच्या प्रत्येक नक्षीला दीर्घ कॉपीराइट दिला, तर उद्या एका तक्रारीवर पोलीस अशा छोट्या खात्यावर धडकतील, मशीन सील होईल आणि त्या महिन्याचा कारागिरांचा पगार बुडेल.

हा धोका खरा आहे. म्हणूनच तोडगा दीर्घ आणि फौजदारी असता कामा नये. तो अल्प मुदतीचा, दिवाणी आणि गावातल्या गावात मिटणारा हवा. पण सुरतेत तो कसा चालेल, तीन महिने योग्य की सहा, नकलेने खरोखर कुणाचे किती बुडते आणि कुणाचे किती भागते, याची उत्तरे आकड्यांतून यायला हवीत. ते आकडे गोळा करणे हे विद्यापीठाचेच काम आहे. कॅटलॉग जमवा, तारखा लावा, पहिली नक्कल किती दिवसांत येते ते पाहा, दोन्हींचे भाव मांडा, खातेवाल्यांशी आणि कारागिरांशी त्यांच्या भाषेत बोला. एका वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या तुकडीला हे झेपेल.

वेळही आत्ताचीच आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये रियाधमध्ये डिझाइन कायद्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला आणि त्या परिषदेच्या अंतिम दस्तऐवजावर भारताने सही केली. या करारात डिझाइन प्रसिद्ध झाल्यानंतरही अर्जासाठी १२ महिन्यांची सवलत आहे. भारताने तो करार स्वीकारला तर डिझाइन कायदा बदलावा लागेल, आणि आधी साडी बाजारात पाठवून चालली तरच नोंदणी करायची, हे सुरतेच्या व्यापाऱ्याला पहिल्यांदाच शक्य होईल. त्या दुरुस्तीबरोबर ५० नगांच्या अटीचाही फेरविचार करून घेता येईल. मसुदा एकदा दिल्लीत पक्का झाला की नंतर हाकाटी करून उपयोग नाही.

साधने सुरतेत हजर आहेत. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ आहे, जुने सार्वजनिक विधी महाविद्यालय आहे, हिऱ्याच्या सॉफ्टवेअरचे गणित समजावून सांगू शकणारी एसव्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे, कापड संशोधन करणारी ‘मंत्रा’ ही संस्था आहे. दक्षिण गुजरात चेंबर ही व्यापार-उद्योगाची संघटना सरसाण्याच्या सभागृहांत दरवर्षी यंत्रमाग आणि सुताची प्रदर्शने भरवते, तेव्हा सारा धंदा आपणहून तिथे येतो. परिषद त्या प्रदर्शनाला जोडून, त्याच आवारात भरवावी. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने तिच्यात भागीदार व्हावे, कारण या बाजारातले कितीतरी हात त्याच्या परिसरातून गेले आहेत. सत्रे गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चालावीत. निबंध स्वीकारताना एकच अट असावी: लेखकाने किमान एका खात्यात, दुकानात किंवा हिऱ्याच्या कारखान्यात बसून काम पाहिलेले असावे आणि निबंधात तिथला एक तरी खरा प्रश्न सोडवायला घेतलेला असावा. समारोपाला प्रमाणपत्रांऐवजी तीन कागद तयार व्हावेत: डिझाइनरसाठी कराराचा नमुना, बाजारातच नक्षी जमा करण्याच्या आणि तंटा मिटवण्याच्या केंद्राची योजना, आणि डिझाइन कायद्याच्या दुरुस्तीसाठी केंद्राच्या उद्योग विभागाला द्यायचे निवेदन. त्यावर फोस्टासारख्या व्यापारी संघटनेची, विणकरांच्या संघाची आणि कारागिरांच्या प्रतिनिधींची सही असावी आणि ते पावसाळी अधिवेशनाच्या आधी दिल्लीत पोचावे.